वासिष्ठीच्या लेकी

गोजराबाई डुंबरे जन्मभर पुष्कळ जणांच्या नावानं थुंकल्या होत्या. पण नळीत थुंकायची पाळी त्यांच्यावर पंच्याहत्तरीत आली.

“या रेघेपर्यंत,” नळी पुढं धरून डॉ. अश्लेषा तळपे म्हणाली.

“रेघ कुणी ओढली?”

“यंत्र बनवणाऱ्यांनी.”

“मग त्यांनाच थुंकायला सांग.”

बंगल्याच्या पायरीवर त्यांचा एकुलता मुलगा, तालुक्याचा आमदार सत्यशील, गाडी चालू ठेवून उभा होता. “आई, उरक. मुंबई गाठायचीय मला. खोऱ्यातल्या सगळ्या बायका थुंकल्या, तुलाच काय सोनं लागलंय?”

गोजराबाई थुंकल्या. रेघेच्या वर, चांगल्या दोन बोटं. मग नळीला बूच लावणाऱ्या पोरीकडं त्यांनी निरखून पाहिलं. “तळप्यांची म्हणजे वरच्या वाडीची ना तू? तुझी आजी आमच्या पायरीशी हिरडा विकायला बसायची.”

“बसायची. तुमच्या तराजूला पासंग होता, हे मरेपर्यंत सांगायची.”

सत्यशीलला उगाच खोकला आला. गोजराबाईंना पोरगी आवडली नाही, पण उत्तर आवडलं. असलं उत्तर त्यांच्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

या सगळ्या थुंकाथुंकीचं कारण मुदगडावर निघालं होतं. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या अगदी कडेवर हा डोंगर आहे. सातवाहनांच्या काळी बंदरातून वर येणारा माल याच्या पायथ्यानं जायचा. कातळात खोदलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, त्याच राजांच्या वेळच्या, आणि आज २०४४ सालीही उन्हाळ्यात खालच्या वाड्यांना पाणी तिथलंच. गेल्या वर्षी एका पोढीच्या वरच्या अंगाला दगड लावून बुजवलेली कोठी सापडली. आत एक दगडी रांजण, झाकण लाखेनं बंद केलेलं. रांजणात सोनं असेल म्हणून अर्धा तालुका गोळा झाला होता. निघाले ते मातीचे गोळे. लोक शिव्या देत घरी गेले.

अश्लेषा गेली नाही. जुनी जनुकं वाचणं हेच तिचं काम होतं. त्या काळी राजाचं पत्र दोरीनं बांधत, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापत आणि त्यावर मुद्रा उठवत. समोरून मुद्रा दाबायची तर मागून अंगठ्याचा टेकू द्यावा लागतो. त्या अंगठ्याची बारीक कातडी मातीला चिकटून राहिली. माती वाळली, रांजण बंद झाला, आणि दोन हजार वर्षं तिथं ना ओल पोचली ना ऊन. पूर्वीच्या यंत्रांना त्यातलं काही वाचता आलं नसतं. नव्या कणवाचकाला मात्र मातीच्या एका कणावर अडकलेला जनुकाचा तुटका तुकडाही दिसतो, आणि असे लाखभर तुकडे तो चिंध्यांची गोधडी शिवावी तसे जोडत जातो.

तरी दोन हजार वर्षांनी वारस ओळखायचा कसा? माणसाचा बहुतेक वारसा आई-बापाचा मिसळून येतो आणि दर पिढीला निम्म्यावर येतो. ताकात पाणी घालत गेलं की शेवटी ताक म्हणायला काही उरत नाही. पण पेशीत तंतुकणिका नावाचे बारके कण असतात. पेशीला बळ पुरवायचं काम त्यांचं. त्यांच्याजवळ स्वतःची वेगळी जनुकं असतात, आणि ती फक्त आईकडून येतात. बापाचा त्यात थेंब नसतो. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लागतं, आजच्याचं उद्याच्या, तसं ते आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला जवळजवळ जसंच्या तसं चालत राहतं.

मुद्रेवर एवढंच वाचता येत होतं: वासिष्ठीपुत्र. हे राजे आपल्या नावाआधी आईचं लावायचे, आणि वासिष्ठीपुत्र म्हणवणारे त्यांच्यात एकाहून जास्त होऊन गेले. हा त्यातला कोणता, ते कळेना. राजाचं स्वतःचं नाव झिजून गेलं होतं. आईचं तेवढं राहिलं होतं.

सरकारनं लगेच मुदगड मंडळ नेमलं आणि त्यात वंशजासाठी मानकरीपद ठेवलं, तहहयात. मानकऱ्याच्या होकाराशिवाय डोंगरावरचा दगड हलणार नाही आणि पोढीचं पाणी कुणाला मिळणार नाही. डुंबऱ्यांची चौदा पिढ्यांची वंशावळ भाट येऊन म्हणून दाखवायचा, तीत राजाचं रक्त होतं. घोलपांच्या भाटाकडंही तसंच होतं. दोन घरांत तेवढ्यावरून डोकी फुटायची बाकी राहिली होती.

निकाल घेऊन अश्लेषा आली, तेव्हा गोजराबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

“वंश जवळजवळ विझलेला आहे,” ती म्हणाली. “अख्ख्या खोऱ्यात दोन घरांत सापडला. मुरलीधर घोलपांमध्ये, त्यांच्या वारलेल्या आईकडून आलेला. आणि तुमच्यात.”

“म्हणजे डुंबऱ्यांत.”

“डुंबऱ्यांत नाही, बाई. तुमच्यात. तुमच्या माहेरात.”

गोजराबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. माहेर. सासूनं चाळीस वर्षं त्यांचं माहेर काढलं होतं. नेसत्या लुगड्यानिशी आलेली, भाकरीला मोताद घरची, हुलग्याच्या माळावरची. गोजराबाई हात न धुता उठल्या आणि भिंतीवरच्या सासूच्या हार घातलेल्या तसबिरीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“ऐकलंत ना, मामी? राजा आमच्याकडचा निघाला. तुमच्या चौदा पिढ्यांना म्हणावं, पंगतीला बसा, वाढते मी.”

आठवडा उलटायच्या आत जुन्नरच्या बसस्थानकापासून घाटापर्यंत फलक लागले. सत्यशीलचा हात जोडलेला फोटो आणि खाली हातभर अक्षरं: गोजरापुत्र सत्यशील. राजांनी आईचं नाव लावलं, तर आमदारानं का नाही? गाडीतून जाताना गोजराबाईंनी तो फलक पाहिला आणि ड्रायव्हरला गाडी मागं घ्यायला लावून पुन्हा पाहिला.

दुसऱ्या दिवशी मुरलीधर घोलप दारात. माणूस गोड बोलायचा, पण गोडीत चुना असायचा.

“वहिनी, अभिनंदन करायला आलो. मात्र एक शंका आहे. अंगठा राजाचाच कशावरून? मुद्रा दाबायला राजे कारकून ठेवायचे म्हणतात. उद्या फलक बदलावे लागले तर, कारकूनपुत्र म्हणून?”

“अंगठा कारकुनाचा निघाला तर तुम्हीही त्याच कारकुनाचे, भावजी. चहा घ्या.”

घोलपांनी चहा घेतला. साखर कमी होती. ती जाणून कमी होती.

सत्यशील असल्या गोष्टी चहावर सोडणाऱ्यातला नव्हता. मंडळाची नियमावली व्हायची होती, ती त्यानं स्वतः सांगून लिहून घेतली आणि मंजूरही करून आणली. मान आईच्याच वंशानं चालेल. ज्याच्यापासून हा वंश पुढं चालतो, तोच मानकरी होऊ शकेल. मानकऱ्यानं मान घेताना मुदगडावर सगळ्यांसमोर तीन नावं पुकारायची: आईचं, आपलं आणि आपल्यामागून येणाऱ्याचं. यातलं मधलं कलम घोलपांसाठी होतं. घोलपांना तीन मुली, मुलगा नाही. लेकींवर घर संपतं, हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सत्यशीलला एक मुलगा होता, राजवीर. घरात त्याला वंशाचा दिवा म्हणत.

अश्लेषानं नियमावली जेवणघरातल्या टेबलावर बसून वाचली आणि मधल्या कलमावर बोट ठेवलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” सत्यशील म्हणाला. “का? भाषा जमलीय ना?”

“भाषा चांगली आहे. तुम्ही स्वतःलाच बाहेर काढलंय.”

सत्यशील हसला. अश्लेषा हसली नाही, तेव्हा तोही थांबला.

“वंश तुमच्यात आहे, साहेब. आईनं दिलाय. पण तुमच्यापासून तो पुढं जात नाही. पुरुषाशी येऊन थांबतो. घोलपांशी थांबला, त्यांना बहीणही नाही. तुमच्याशी थांबला. त्या राजाशीसुद्धा थांबला होता. राजाची मुलं या वंशातली नव्हेत. गोजराबाई राजाच्या वंशज नाहीतच, त्या त्याच्या आईच्या वंशज. राजाच्या एखाद्या बहिणीकडून किंवा मावशीकडून आलेल्या.”

“आणि राजवीर?” गोजराबाईंनी विचारलं.

“त्याच्यात त्याच्या आईचा वंश. तिच्या माहेरचा, नाशिकचा. तुमचं तसलं त्याच्यात काहीच नाही.”

स्वयंपाकघरात सुनेच्या हातातलं भांडं वाजलं. गोजराबाईंना ते मुद्दाम वाजवल्यासारखं वाटलं.

“मग पुढं कोण?”

“तुमची मुलगी असेल तर ती. आणि तिची मुलगी.”

मुलगी होती. शैला. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं नारायणगावच्या बेलदाराच्या मुलाशी लग्न केलं, त्या दिवशी गोजराबाईंनी तिच्या नावानं आंघोळ केली होती, मेलेल्या माणसाची करतात तशी, भर दुपारी, अंगणात, शेजारणींना दिसेल अशी.

अश्लेषा गेल्यावर सत्यशीलनं खुर्ची आईजवळ ओढली. आवाज मऊ केला. मतं मागताना करायचा, तेवढा.

“काही अडत नाही. मान तू घे. मानकऱ्याच्या संमतीनं नियम बदलता येतात, तसं मी आधीच लिहून ठेवलंय. गडावर तिसरं नाव माझं घ्यायचं आणि कलम काढायच्या अर्जावर तिथंच सही करायची. पंधरा मिनिटांचं काम.”

“एवढी घाई?”

“गडावर हॉटेल होतंय. मोठी पार्टी आहे, दिल्लीची. पोढ्यांचं पाणी त्यांना लागणार.”

“आणि वाड्यांना?”

“वाड्यांना टँकर देऊ की. आई, तू त्यात पडू नकोस.”

“आणि शैलाचं नाव घेतलं तर?”

सत्यशील खुर्ची मागं सारून उठला. “त्या बेलदारणीचं? घे. पण मग त्या तोंडानं या घरचं अन्न खायचं नाही. आई, एक सांगू? आज लोक पाया पडतात म्हणून विसरू नकोस. या घरात आलीस तेव्हा तुझं काय होतं? नेसतं लुगडं.”

तो तरातरा निघून गेला. गोजराबाईंनी तसबिरीकडं पाहिलं. सासू मेली म्हणून आपण सुटलो, असं त्या वीस वर्षं धरून चालल्या होत्या. सासू कुठं गेली नव्हती. ती सत्यशीलच्या तोंडात राहायला गेली होती.

नारायणगावला शैलाची टोमॅटोची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे मांडलेले, आणि मधून वाकलेली शैला. आईला पाहून ती सरळ झाली, पण जागची हलली नाही.

“कोण वारलं?” तिनं विचारलं.

“कुणी वारलं म्हणजेच यायचं का?”

“तुमच्या हिशेबानं मीच वारलेय. म्हणून विचारलं.”

बसा म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून गोजराबाई आपणच एका पालथ्या क्रेटवर बसल्या. कडेला एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी पाइपनं पाणी मारत होती. सावळी, उंच, कपाळ थेट गोजराबाईंचं. ही रेणू असणार. गोजराबाईंनी या नातीला आजवर एकदाच पाहिलं होतं, बाजारात, लांबून, आणि तोंड फिरवलं होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. थुंकी, अंगठा, कलम, हॉटेल. शैला ऐकता ऐकता मेलेली रोपं उपटून टाकत होती.

“म्हणजे सत्यशीलचं काही चालेना, म्हणून माझी आठवण झाली.”

“त्यानं पाठवलं नाही मला.”

“मग जास्तच वाईट. आई, बाबा गेल्यावर दहाव्याच्या दिवशी माझ्याकडनं हक्कसोड घेतलात. घरात घेतलं नाहीत, तहसीलच्या पायऱ्यांवर सही घेतलीत. भावानं बहिणीला साडी द्यायची रीत असते. ती पिशवी ड्रायव्हरच्या हातनं दिलीत. मी सोडलाय हक्क. सगळा. आता कोणताही मान घेऊन दारात येऊ नका.”

“तू सोडलास तो डुंबऱ्यांचा. जमिनीचा.”

“मग?”

“हा डुंबऱ्यांचा नाही. हा माझ्याकडनं आलाय तुझ्यात. तो सोडायचा म्हणालीस तरी सोडता येत नाही तुला. मलाही तुझ्यातनं काढून घेता येत नाही. घेता आला असता तर तुझ्या लग्नाच्या दिवशीच घेतला असता.”

शैलानं पहिल्यांदाच आईकडं नीट पाहिलं. “हे मात्र खरं बोललात.”

रेणूनं पाइप बंद केला. “तुमच्या आईचं नाव काय?” तिनं विचारलं. आजी म्हणाली नाही.

“सोना.”

“त्यांच्या आईचं?”

“ठकू. काष्टा घालून बैलाला पाणी पाजायची, तेवढी आठवते.”

“आणि ठकूच्या आईचं?”

गोजराबाईंनी तोंड उघडलं. डुंबऱ्यांच्या चौदा पिढ्या त्यांना पाठ होत्या; झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हणाल्या असत्या. ठकूच्या आईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्या राजाच्या बहिणीपासून ठकूपर्यंत शंभराच्या आसपास बाया झाल्या असतील. एकेक जण आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरात गेली, तिथं दुसऱ्याच्या पिढ्या पाठ केल्या आणि मेली.

“गुरुवारी मुदगडावर कार्यक्रम आहे,” उठता उठता त्या म्हणाल्या. “यायचं तर ये.”

“मंडळाकडनं तळपे मॅडमची नोटीस आलीय. नको असेल तर समोर येऊन नको म्हणायचं असतं. तेवढ्यासाठी येईन.”

“ये. आयुष्यात एक गोष्ट तरी समोर येऊन कर. लग्न तर पळून केलंस.”

“समोर केलं असतं तर तुम्ही दोघांना जिवंत ठेवलं नसतंत,” शैला म्हणाली आणि पुढच्या ट्रेकडं वळली.

गुरुवारी मुदगडावर मांडव, हलगी, भगवे फेटे. हॉटेलवाले दोघे गॉगल लावून पुढच्या रांगेत. घोलपही पुढच्याच रांगेत, फुकटचा तमाशा बघायला वेळेआधी येऊन बसलेले. मागं, पोढीच्या काठाशी, शैला आणि रेणू उभ्या. शैलाच्या हातात घडी केलेला कागद होता, नकाराचा.

मंडळाच्या अध्यक्षांनी सातवाहनांवर भाषण केलं. राजांचा पराक्रम, राजांचं दान, राजांचा व्यापार. राजाच्या आईचं नाव एकदा आलं, तेही त्यांनी चुकीचं उच्चारलं. मग त्यांनी माइक गोजराबाईंच्या पुढं सरकवला. सत्यशीलनं अर्ज टेबलावर पसरून त्यावर पेन ठेवलं आणि आईच्या पाठीवर हात ठेवला. फोटोत तो हात मायेचा दिसला असता.

गोजराबाईंनी पदर सारखा केला.

“आईचं नाव सोना,” त्या म्हणाल्या. “तिच्या आईचं ठकू. त्याच्या पलीकडं मला ठाऊक नाही. सरकारला ठाऊक असलं तर लिहून घ्यावं. माझं नाव गोजरा.”

पाठीवरच्या हाताची बोटं रुतली.

“हात काढ, सत्या. माइकमध्ये सांगायला लावू नकोस.” माइकमधूनच ऐकू गेलं. हात निघाला. “माझ्यामागून शैला. माझी लेक. तिच्या नावानं मी आंघोळ केली होती, ते खोऱ्याला ठाऊक आहे. ती आंघोळ वाया गेली. आणि हॉटेलवाल्या पाहुण्यांनी जेवून जावं, वांग्याची भाजी केलीय. पाणी मात्र येताना आणलं असेल तेच प्यावं. इथलं वाड्यांचं आहे.”

पहिल्यांदा घोलप हसले. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. मग मागच्या रांगांतून वाड्यांवरच्या बायका काहीतरी बोलू लागल्या आणि हलगीवाल्याला वाटलं, आता वाजवायचं.

सत्यशील खाली वाकला. ओठ हलले न हलले. “गाडी घेऊन चाललोय मी. तुझं सामान कुठं पाठवू ते कळव.”

“नेसतं लुगडं अंगावर आहे,” गोजराबाई म्हणाल्या. “बाकी तुम्हा डुंबऱ्यांचं.”

धुरळा उडवत पाच गाड्या उतरून गेल्या. मांडवातली माणसं भाजीकडं वळली. गोजराबाई खुर्चीत ताठ बसून राहिल्या. उठून जायचं कुठं, हे ठरलं नव्हतं, आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. अश्लेषा जीपमध्ये बसा म्हणाली. त्यांनी मान हलवली.

शैला पुढं आली. हातातला कागद उघडला नव्हता, पण टाकलाही नव्हता.

“मी हो म्हटलेलं नाही.”

“मी विचारलेलं नाही.”

“तुमच्यामागून म्हणालात. तुम्ही आणखी वीस वर्षं जगणार, दिसतंच आहे.”

“जगेन. तुला आवडो न आवडो.”

रेणूनं आजीचा दंड धरून तिला उठवलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. उतारावर रोपांचा टेम्पो उभा होता. पुढं दोघींपुरतीच जागा. शैलानं मागची फळी खाली पाडली, ट्रे आत सरकवले आणि मधे पोतं अंथरलं.

“घरी दोनच खोल्या आहेत,” ती म्हणाली. “आणि सासरे जेवताना बोलतात. ऐकून घ्यावं लागेल.”

“बेलदार?”

“बेलदार.”

गोजराबाई टेम्पोत चढल्या. गुडघा दुखला, त्याचा आवाज त्यांनी केला नाही. दोन्ही बाजूंना बोटभर उंचीची हिरवी रोपं हलत होती. शैलानं फळी वर केली, कडी घातली, ओढून पाहिली.

“घाटात वळणं आहेत,” ती म्हणाली. “धरून बस नीट. पडशील.”